केप टाउनची कोलीन चाचणी: आईचे ताट आणि गर्भातल्या मेंदूवरचा मद्याचा आघात

प्रकरण कुठले आणि का

केप टाउन शहरापासून तासाभराच्या अंतरावर वेलिंग्टन हे द्राक्षमळ्यांनी वेढलेले गाव आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी संशोधक फिलिप मे आणि त्यांचे दक्षिण आफ्रिकी सहकारी यांनी या परिसरातील पहिलीच्या वर्गातील मुलांची तपासणी केली. आधी उंची, वजन आणि डोक्याचा घेर मोजण्यात आला. मग डोळ्यांच्या फटीची लांबी, नाक आणि वरचा ओठ यांमधील पन्हळ सपाट आहे की खोल, वरचा ओठ किती पातळ आहे, याची नोंद झाली. त्यानंतर बुद्धिमापन आणि शेवटी आईची सविस्तर मुलाखत, असा तो क्रम होता. २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दर हजार मुलांमागे ४०.५ ते ४६.४ मुलांना फीटल अल्कोहोल सिंड्रोम, म्हणजे गर्भावस्थेतील मद्यसंपर्कामुळे होणारा पूर्ण स्वरूपाचा विकार, असल्याचे दिसले. त्या काळी अमेरिकेत हेच प्रमाण हजारी अर्धा ते दोन इतके मानले जात असे. वेलिंग्टन ज्या वेस्टर्न केप प्रांतात आहे, तेथे पुढे झालेल्या दोन पाहण्यांत आकडा खाली येण्याऐवजी वरच गेला. तिसऱ्या पाहणीत, पूर्ण आणि आंशिक सिंड्रोम मिळून, तो हजारी ६८ ते ८९ च्या घरात होता.

इतक्या मोठ्या फरकाचे कारण केवळ 'तेथील बायका जास्त पितात' असे सांगून भागेल का, हा या प्रकरणाच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. गरोदरपणात भरपूर मद्य घेणाऱ्या स्त्रिया जगात इतरत्रही आहेत. पण त्यांच्यातील प्रत्येकीच्या मुलाला हा विकार होत नाही, आणि ज्यांना होतो त्यांच्यातही त्याची तीव्रता सारखी नसते. आईचे वय, आधीच्या बाळंतपणांची संख्या, मद्य पचवणाऱ्या विकरांचे (एन्झाइम्सचे) आनुवंशिक प्रकार ही काही कारणे आहेतच. गेल्या वीसेक वर्षांत मात्र ज्या कारणाकडे सर्वांत जास्त लक्ष गेले ते म्हणजे आईचे पोषण. आणि ते तपासण्यासाठी वेस्टर्न केपइतकी बोलकी जागा दुसरी क्वचितच सापडेल. कोलीन या पोषकद्रव्याची ज्या चाचणीकडे हे प्रकरण जाते, तीही याच प्रांतातल्या केप टाउनमध्ये झाली.

मजुरी आणि वाइन

या प्रांतातील द्राक्षमळ्यांवर 'डॉप' नावाची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. मजुराच्या रोजगाराचा काही भाग पैशांऐवजी हलक्या प्रतीच्या वाइनच्या रूपाने, तोही दिवसातून अनेक वेळा, दिला जाई. वसाहतकाळात सुरू झालेली ही प्रथा विसाव्या शतकात कायद्याने बंद झाली, तरी अनेक मळ्यांवर ती नव्वदच्या दशकापर्यंत तग धरून होती. मळ्यांवरचे मजूर मुख्यत्वे ज्या समाजातले, त्याला तेथे अधिकृतपणे 'कलर्ड' म्हणतात. स्थानिक खोई लोक, युरोपीय वसाहतवाले आणि आशियातून गुलाम म्हणून आणलेले लोक यांच्या संकरातून तो बनलेला आहे. त्या गुलामांत भारताच्या किनाऱ्यांवरून नेलेलेही होते.

वाइन बंद झाली, पण सवय आणि मजुरीची पातळी मागेच राहिली. पिण्याची तऱ्हा बदलली: आठवडाभर कोरडे राहून शुक्रवार आणि शनिवारच्या रात्री, पगार हातात पडला की, एका बैठकीत खूप पिणे. भ्रूणाच्या दृष्टीने ही तऱ्हा विशेष घातक आहे, कारण रक्तातील मद्याची पातळी थोड्या वेळात फार उंच जाते, आणि तेवढ्याच उंचीला ती वारेतून (प्लासेंटामधून) पलीकडेही जाते. भ्रूणाच्या यकृतात मद्य पचवण्याची ताकद जवळजवळ नसते. जे गर्भजलात उतरते ते भ्रूण पुन्हा गिळतो, त्यामुळे आईची धुंदी उतरल्यावरही त्याची सुटका लांबते.

येथे एक गोष्ट आधीच नोंदवून ठेवावीशी वाटते. मद्य आणि कुपोषण यांना संशोधनात दोन स्वतंत्र 'घटक' म्हणून दोन रकान्यांत मांडले जाते, आणि गणिताच्या सोयीसाठी ते योग्यच आहे. पण वेस्टर्न केपमधल्या मजुराच्या घरी हे दोन्ही एकाच तुटपुंज्या रोजगारातून आलेले आहेत. जो मोबदला धान्याच्या रूपाने घरी यायला हवा होता तो वाइनच्या रूपाने आला. तेव्हा या बायका मद्यामुळे कमी खातात की गरिबीमुळे, असे विचारण्यापेक्षा शिल्लक नसलेल्या शरीरात मद्य काय करते, हे विचारणे अधिक उपयोगाचे आहे.

आहाराच्या नोंदी काय सांगतात

पोषणाचा संशय नवा नाही. १९८७ साली न्यूयॉर्कमधील नेसरिन बिंगोल आणि सहकाऱ्यांनी जवळजवळ सारख्याच प्रमाणात भरपूर मद्य घेणाऱ्या स्त्रियांच्या दोन गटांची तुलना केली होती. सुखवस्तू गटातील मुलांमध्ये पूर्ण सिंड्रोमचे प्रमाण पाच टक्क्यांच्याही खाली होते. गरीब गटात ते सत्तर टक्क्यांच्या आसपास गेले. पाहणी छोटी होती आणि दोन गटांत आहाराखेरीज इतरही अनेक फरक होते, त्यामुळे तिच्यावर फार मोठा इमला उभारता येत नाही. तरीही 'मद्य तेवढेच, परिणाम वेगळा' हे इतक्या ठसठशीतपणे तिच्याआधी फारसे कोणी दाखवले नव्हते.

वेस्टर्न केपमध्ये मे यांच्या गटाने मातांना आदल्या चोवीस तासांत काय काय खाल्ले ते विचारून आहाराचा हिशेब मांडला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात दिसले ते असे की विकारग्रस्त मुलांच्या आणि निरोगी मुलांच्या, अशा दोन्ही मातांपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या आहारात अ, क, ड आणि ई जीवनसत्त्वे, थायमिन, फोलेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह आणि जस्त आवश्यक सरासरीपेक्षा कमी पडत होते. त्यातही विकारग्रस्त मुलांच्या मातांच्या ताटात कॅल्शियम, रायबोफ्लेविन आणि कोलीन हे आणखी कमी होते. त्यांच्या उंचीच्या मानाने त्यांचे वजनही कमी भरत होते. या नोंदीतली अडचण उघड आहे: मूल पहिलीत गेल्यावर आईने काल काय खाल्ले यावरून सात वर्षांपूर्वीच्या गरोदरपणात तिने काय खाल्ले असेल याचा अंदाज बांधावा लागतो. गरिबीत आहार सहसा फारसा बदलत नाही, एवढ्याच आधारावर तो अंदाज उभा आहे.

गरोदरपणातच घेतलेल्या नोंदी केप टाउनमध्ये कॉलिन कार्टर आणि सहकाऱ्यांनी केल्या, आणि त्यांचा निष्कर्ष मला अधिक महत्त्वाचा वाटतो. भरपूर पिणाऱ्या आणि न पिणाऱ्या बायकांच्या अन्नात त्यांना फार मोठा फरक आढळला नाही. दोन्ही गटांतील बहुतेकींचे गरोदरपणातील वजन अपेक्षेपेक्षा कमी वाढले होते आणि दोन्ही गटांच्या आहारात कित्येक पोषकद्रव्ये अपुरी होती. म्हणजे 'दारूपायी ती जेवत नाही' हे चित्र येथे लागू पडत नाही. सगळ्याच बायका अर्धपोषित आहेत, आणि त्यांच्यातील काहींच्या शरीरावर त्याशिवाय मद्याचा भार पडतो आहे.

अर्धपोषित शरीरात मद्य काय करते

पहिला परिणाम अगदी साधा आहे. रिकाम्या पोटी घेतलेले मद्य लवकर आतड्यात उतरते आणि रक्तातील पातळी झपाट्याने चढते. त्याखेरीज, गाभण उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले आहे की आहार अपुरा असेल तर यकृतातील अल्कोहोल डीहायड्रोजिनेज हे विकर कमी पडते आणि तेवढेच मद्य रक्तात जास्त उंच पातळी गाठते व जास्त वेळ रेंगाळते. किरकोळ अंगाच्या स्त्रीच्या शरीरात मद्य विरघळायला पाणीही कमी असते. तेव्हा 'दोघींनी चार-चार ग्लास घेतले' हे वाक्य दोन भ्रूणांच्या दृष्टीने एकाच मात्रेचे वर्णन नसते.

दुसरा परिणाम पोषकद्रव्यांच्या वाटपातला. जस्ताचे उदाहरण घ्यावे. मद्यामुळे आईच्या यकृतात मेटॅलोथायोनिन नावाचे प्रथिन वाढते. ते जस्ताला धरून ठेवते, रक्तातील जस्त उतरते आणि वारेपर्यंत ते कमी पोहोचते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी उंदरांच्या माद्यांना गाभणपणी जास्त जस्त दिले तेव्हा मद्यामुळे होणारी व्यंगे आणि पिलांचे मृत्यू कमी झाले. जस्ताच्या शिल्लकीशिवाय असलेल्या शरीरात ही अडवणूक किती महागात पडत असेल, याचा अंदाज यावरून येतो. फोलेटच्या बाबतीत मद्य आतड्यातील शोषणही बिघडवते आणि वारेतून होणारी वाहतूकही. अ जीवनसत्त्वापासून रेटिनॉइक आम्ल बनवणारी विकरेच मद्य पचवण्याच्या कामाला जुंपली जातात, आणि चेहरा व मेंदू घडण्याच्या पहिल्या आठवड्यांत रेटिनॉइक आम्लाचे प्रमाण अगदी नेमके असावे लागते.

लोहाची हकिकत याहून गुंतागुंतीची आहे आणि ती केप टाउनमध्येच उलगडली. कार्टर आणि सँड्रा व जोसेफ जेकबसन या संशोधक दांपत्याच्या गटाने २००७ साली दाखवले की गरोदरपणी एका बैठकीत मद्याची चार किंवा अधिक पेये घेणाऱ्या मातांच्या बाळांना वर्षाच्या वयात लोहाच्या अभावामुळे होणारा रक्तक्षय असण्याची शक्यता ३.६ पट होती. मद्याने खुरटलेली वाढही मुख्यतः याच रक्तक्षय असलेल्या बाळांत ठळकपणे दिसत होती. पुढे अमेरिकेत सुझन स्मिथ यांच्या प्रयोगशाळेत उंदरांवर याचा माग काढण्यात आला. लोह पुरेसे असलेल्या पिलांना मद्याची ठरावीक मात्रा दिली तर नुकसान मर्यादित राहत होते. तीच मात्रा लोह कमी असलेल्या पिलांना दिली की अनुमस्तिष्कातील, म्हणजे मेंदूच्या मागच्या लहान भागातील, पेशी मोठ्या प्रमाणावर मरत होत्या आणि शिकण्याची क्षमता ढासळत होती. दोन तोट्यांची नुसती बेरीज होत नव्हती, एक दुसऱ्याला वाढवत होता.

त्यामागचे यंत्र असे: मद्यामुळे हेप्सिडिन हे संप्रेरक वाढते आणि त्यामुळे लोह भ्रूणाच्या यकृतात अडकून पडते, तर वाढत्या मेंदूला ते मिळत नाही. घरात धान्याची कोठी भरलेली असावी, पण किल्ली हरवल्यामुळे चूल पेटू नये, तशी ही स्थिती. आईच्या आहारात लोह वाढवल्यावर उंदरांच्या भ्रूणांतील हे वाटप बऱ्याच अंशी पूर्ववत झाले.

कोलीनच का

कोलीन हे नाव लोह किंवा कॅल्शियमइतके आपल्या कानावरून गेलेले नसते. ते अंड्याच्या बलकात, यकृतात, मासे-मटणात भरपूर, आणि सोयाबीन, शेंगदाणे, दूध यांत थोडेफार मिळते. पेशींच्या आवरणाचा एक मुख्य घटक, अ‍ॅसिटिलकोलीन हा चेतासंदेशवाहक, आणि जनुके उघडझाप करणाऱ्या मिथाइल गटांचा पुरवठा, या तिन्ही कामांना ते लागते. भ्रूणाची त्याची भूक इतकी मोठी असते की वार आईच्या रक्तातून ते ओढून घेते आणि नाळेतील रक्तात त्याची पातळी आईच्या रक्ताच्या कितीतरी पट वर असते. फोलेट कमी पडले की मिथाइल गटांचा भार कोलीनवर येतो. म्हणजे मद्याने फोलेटची वाट अडवली की कोलीनचा खर्च आपोआप वाढतो. १९९८ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने गरोदर स्त्रीसाठी दिवसाला ४५० मिलिग्रॅम कोलीन पुरेसे ठरवले. एका मोठ्या उकडलेल्या अंड्यात ते सुमारे १४७ मिलिग्रॅम असते.

सॅन डिएगो येथील जेनिफर थॉमस यांनी २००० सालापासून केलेल्या प्रयोगांत मद्यसंपर्क झालेल्या उंदरांना कोलीन दिल्यावर त्यांचे शिकणे आणि अवकाशीय स्मरण सुधारल्याचे वारंवार दिसले. कोलीन मद्याबरोबर दिले तरी फायदा दिसला आणि जन्मानंतर दिले तरी दिसला. माणसावर प्रयोग करण्यासाठी हा पाया पुरेसा होता.

चाचणी

डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातील सँड्रा आणि जोसेफ जेकबसन हे केप टाउन विद्यापीठातील सहकाऱ्यांबरोबर या समाजातील मातांचा आणि मुलांचा अनेक वर्षे अभ्यास करीत आले आहेत. त्यांच्या गटाने शहरातील प्रसूतिपूर्व तपासणी केंद्रांत येणाऱ्या, भरपूर मद्य घेणाऱ्या ६९ गरोदर स्त्रियांची निवड केली. दिवसाला सरासरी दोन पेये किंवा गरोदरपणात निदान दोनदा एका बैठकीत चार वा अधिक पेये, हा 'भरपूर' चा निकष होता. निम्म्या स्त्रियांना रोज २ ग्रॅम कोलीन, निम्म्यांना त्याच चवीची निष्क्रिय पावडर. कोणाला काय मिळते आहे हे ना त्यांना ठाऊक, ना तपासणाऱ्यांना. पावडर एकेका मात्रेच्या बंद पाकिटात येई आणि पाण्यात मिसळली की द्राक्षाच्या चवीचे गोड पेय तयार होई. चव ठरवताना परिसराचा विचार झाला होता की नाही, कोण जाणे. मद्य सोडण्याचा सल्ला आणि उपचारासाठी पुढे पाठवण्याची तयारी दोन्ही गटांसाठी होती. कोलीन सल्ल्याऐवजी नव्हे, त्याबरोबर दिले गेले.

परिणाम मोजण्यासाठी निवडलेली कसोटी समजून घेण्यासारखी आहे, कारण बाळ बोलत नाही आणि साडेसहा महिन्यांच्या वयात बुद्धिमापन फारसे विश्वासार्ह नसते. बाळाला एक सूर ऐकवला जातो आणि तो संपता संपता डोळ्यावर हवेची अगदी हलकी फुंकर येते. फुंकर आली की पापणी मिटते, हे प्रतिक्षिप्त आहे. काही फेऱ्यांनंतर मात्र निरोगी बाळ सूर ऐकताच, फुंकर येण्याच्या क्षणभर आधी, पापणी मिटू लागते. सूर आणि फुंकर यांचा संबंध जोडण्याचे आणि वेळ नेमकी साधण्याचे हे काम अनुमस्तिष्क करते, आणि गर्भावस्थेतील मद्याचा मार ज्या भागांवर जोराने बसतो त्यांत अनुमस्तिष्क आहे. याच गटाने २००८ साली पाच वर्षांच्या मुलांवर ही कसोटी लावली होती. मद्यसंपर्क नसलेल्या मुलांपैकी तीन चतुर्थांश मुले ती पार करीत होती. पूर्ण सिंड्रोम असलेल्यांपैकी एकालाही ती जमली नव्हती. विकाराची इतकी स्वच्छ खूण सहसा मिळत नाही.

२०१८ साली चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोलीन मिळालेल्या मातांची बाळे पापणीची ही कसोटी पार करण्याची शक्यता निष्क्रिय पावडरीच्या गटापेक्षा लक्षणीय जास्त होती, आणि ज्या मातांनी पाकिटे नेमाने घेतली त्यांच्या बाळांत ती आणखी जास्त होती. वर्षाच्या वयात, दोन चेहऱ्यांपैकी नवा चेहरा ओळखून त्याच्याकडे अधिक वेळ पाहण्याच्या चाचणीतही कोलीन गटाची बाळे पुढे होती. वाढीचा निष्कर्ष मला सर्वांत अनपेक्षित वाटला. मद्यामुळे जन्मतः लहान राहिलेली मुले सहसा लहानच राहतात. येथे मात्र कोलीन गटातील बाळांनी साडेसहा आणि बारा महिन्यांपर्यंत वजनात आणि डोक्याच्या घेरात बरीच भरपाई केली. त्याच चाचणीतील काही नवजात बाळांच्या एमआरआय तपासणीत कोलीन गटात मेंदूच्या अनेक भागांचे आकारमान जास्त असल्याचेही पुढे दिसले. दुष्परिणाम म्हणावे तर मळमळ आणि अपचनाच्या थोड्या तक्रारी, इतकेच.

निष्कर्ष कुठवर ताणावेत

६९ स्त्रिया म्हणजे एका गटात तिशीच्या आगेमागे. एकच शहर, एकच समाज आणि मुळातच कोलीन कमी असलेला आहार. अंडी, दूध, मासे रोज खाणाऱ्या स्त्रीला याच मात्रेने एवढाच फायदा होईल असे या चाचणीवरून म्हणता येत नाही. उलट, ज्या शरीरात पोकळी होती तीच भरून निघाली, असाही तिचा अर्थ लावता येतो, आणि मला तोच अधिक पटतो.

युक्रेनमधील अनुभव हे सावधपण योग्य ठरवतो. रिवने आणि ख्मेल्नित्स्की या भागांत क्रिस्टिना चेंबर्स, क्लेअर कोल्स, कार्ल कीन आणि सहकाऱ्यांनी मद्य घेणाऱ्या गरोदर स्त्रियांना जीवनसत्त्वे व खनिजे यांची गोळी, आणि त्यांच्यातील काहींना त्यासोबत ७५० मिलिग्रॅम कोलीन दिले. सहा महिन्यांच्या वयातील विकासमापनात जीवनसत्त्वे-खनिजांचा उपयोग दिसला, पण कोलीनने त्यात वेगळी भर घातल्याचे दिसले नाही. बाळ नव्या दृश्याकडे कसे लक्ष देते यासारख्या सूक्ष्म मापनात मात्र कोलीनचा प्रभाव जाणवला. मात्रा केप टाउनच्या निम्म्याहून कमी होती आणि आहारही वेगळा होता. कोलीन हे एकट्याने काम करणारे औषध नसून पोषणाच्या साखळीतली एक कडी आहे, असे मानले तर दोन्ही निष्कर्ष एकमेकांशी भांडत नाहीत.

जन्मानंतर उशिरा केलेल्या प्रयत्नांतूनही वयाची मर्यादा दिसते. मिनेसोटामध्ये जेफ्री वोझनियाक यांनी दोन ते पाच वर्षांच्या विकारग्रस्त मुलांना नऊ महिने रोज ५०० मिलिग्रॅम कोलीन दिले. चार वर्षांनी पाहिले तेव्हा त्यांची कार्यस्मृती आणि अशाब्दिक बुद्धिमत्ता तुलनेने चांगली होती आणि चंचलतेची लक्षणे कमी होती. सॅन डिएगोत पाच ते दहा वर्षांच्या मुलांना सहा आठवडे दिलेल्या कोलीनचा मात्र काहीच उपयोग दिसला नाही.

आणखी एक चुकीचा अर्थ येथेच अडवायला हवा. 'नीट खाल्ले तर थोडे प्यायला हरकत नाही' असे या कामातील एकाही पानावरून निघत नाही. बिंगोल यांच्या सुखवस्तू गटातही विकारग्रस्त मुले होतीच. शिवाय चेहऱ्यावर खूण नसूनही लक्ष, स्मरण आणि वर्तन यांत आयुष्यभर अडचण सोसणारी मुले पूर्ण सिंड्रोमच्या मुलांपेक्षा संख्येने जास्त असतात. गरोदरपणात मद्याची कोणतीही मात्रा सुरक्षित ठरलेली नाही. पोषणाने आघाताची धार कमी होऊ शकते. आघात होतच नाही असे होत नाही. केप टाउनच्या कोलीन गटातील सगळी बाळेही पापणीची कसोटी पार करू शकली नव्हती.

आईवर ठपका ठेवण्याचा मोहही येथे वेगळ्या वाटेने परत येतो. आधी 'ती पिते' म्हणून दोष होता, आता 'ती नीट खात नाही' म्हणून. ज्या प्रांतात मजुरीच वाइनमध्ये मोजली जात होती तेथे आहाराचा सल्ला देणाऱ्या पत्रकाला कितपत अर्थ आहे, हे संशोधकांनीही पुरेसे स्पष्टपणे विचारलेले नाही, असे माझे मत आहे.

आपल्याकडे पाहताना

भारतात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार मद्य घेणाऱ्या प्रौढ स्त्रियांचे प्रमाण १.३ टक्के होते, तर गरोदर स्त्रियांपैकी ५२.२ टक्के जणींना रक्तक्षय होता. म्हणजे वेस्टर्न केपच्या समीकरणातील मद्याची बाजू आपल्याकडे एकंदरीत लहान आहे आणि पोषणाची बाजू मोठी. पण सरासरीमागे वेगवेगळे समाज दडलेले असतात. ज्या आदिवासी भागांत मोहाची दारू घरी गाळली जाते आणि सणावारी वा एरवीही स्त्रिया ती घेतात, तेथे या दोन बाजू एकाच अंगणात भेटतात. तेथील गरोदर बाईला उपकेंद्रातून लोह आणि फोलिक आम्लाची लाल गोळी मिळते. वरील उंदरांच्या प्रयोगांकडे पाहिले तर या गोळीचे मोल केवळ हिमोग्लोबिनच्या आकड्यापुरते धरू नये, असे म्हणावे लागते. कोलीन मात्र त्या गोळीत नसते. ते यायचे तर ताटातूनच. महाराष्ट्रात आदिवासी भागातील गरोदर आणि स्तनदा मातांसाठी २०१५ पासून अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत एक वेळचे चौरस जेवण दिले जाते. अंडे ताटात असणे आणि नसणे यातला फरक अशा जेवणात केवळ प्रथिनांचा नसतो.

उरलेली अडचण: वेळ

केप टाउनच्या चाचणीत स्त्रिया दाखल झाल्या त्या गरोदरपणाच्या मध्यावर, कारण त्या तपासणी केंद्रात पहिल्यांदा येतातच तेव्हा. तोवर चेहऱ्याची घडण झालेली असते आणि मेंदूची मूळ रचनाही बरीच पुढे गेलेली असते. पहिले कित्येक आठवडे, बहुधा दिवस गेल्याचे कळायच्या आधीच, शनिवारच्या रात्री होऊन गेलेल्या असतात. उशिरा दिलेल्या कोलीनचाही फायदा दिसला ही चाचणीतली सर्वांत दिलासादायक बाब आहे, कारण अनुमस्तिष्क आणि स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस हा भाग यांची वाढ शेवटच्या महिन्यांत आणि जन्मानंतरही चालू असते. पहिल्या तिमाहीचे नुकसान मात्र पाकिटे वाटून भरून निघणार नाही.

त्या आठवड्यांत बाईपर्यंत पोहोचते ते एकच, तिचे रोजचे अन्न. दक्षिण आफ्रिकेला याचा अनुभव आहे. ऑक्टोबर २००३ पासून तेथे मक्याच्या पिठात आणि पावाच्या कणकेत अ जीवनसत्त्व, ब गटातील जीवनसत्त्वे, फोलिक आम्ल, लोह आणि जस्त मिसळणे सक्तीचे झाले. त्यानंतर मज्जारज्जूच्या नळीचे जन्मजात दोष सुमारे तीस टक्क्यांनी घटले, आणि त्यासाठी एकाही बाईला आपण गरोदर आहोत हे आधी कळावे लागले नाही, की कुणापुढे आपल्या पिण्याची कबुली द्यावी लागली नाही. वर सांगितलेली उणीव ही पिठातील या भरीनंतर घेतलेल्या नोंदींत दिसलेली आहे, हे लक्षात घेतले तर ती भर पुरेशी नाही हेही कळते. चाचणीतील २ ग्रॅम कोलीन अन्नातून मिळवायचे तर दिवसाला तेरा-चौदा अंडी लागतील. तेवढे पिठातून देणे शक्य नाही आणि तसे कोणी सुचवतही नाही. पण दिवसाच्या ४५० मिलिग्रॅमपैकी निम्मेही ज्यांच्या पोटात जात नाही अशांसाठी रोजचे एक अंडे, दूध किंवा सोयाबीन मिसळलेले पीठ, आणि मद्य चालूच असल्याचे केंद्रात कळल्यावर मोठ्या मात्रेची पाकिटे, अशा दोन वेगवेगळ्या उपायांची गरज या प्रकरणातून पुढे येते. पहिल्याचा खर्च अन्नधोरणाला सोसावा लागेल आणि दुसऱ्याचा आरोग्यखात्याला. मक्याच्या पिठासाठी सक्तीच्या केलेल्या त्या यादीत कोलीनचा समावेश नव्हता.